लोणीवालीचं मूत्रपिंड

मेर्काटो पेठेतल्या लोणीबाजारात अस्कलेच्या तोंडी लागायचं नसतं, हे शहाणपण नव्या माणसालाही एका दिवसात येई. लोण्यात पिकलं केळं किंवा वनस्पती तूप कालवून आणणारा खेडूत समोर आला की ती नखावर चिमूटभर लोणी घ्यायची, हुंगायची आणि शांतपणे म्हणायची, "हे परत ने. बायकोच्या डोक्याला चोळ. खाणाऱ्यांनी तुझं काय घोडं मारलंय?" खेडूत खाली मान घालून गोळा पुन्हा पानात गुंडाळायचा. आजूबाजूच्या बायका हसायच्या, पण बेताने, कारण पुढची पाळी कुणाची हे सांगता येत नसे.

तिचं लग्न झालं होतं. नवरा दिरे दावाला मालाच्या गाडीबरोबर गेला तो तिकडचाच झाला. मूलबाळ नव्हतं. "बरं झालं," ती म्हणायची, "त्याच्यासारखं अजून एक वळवळत फिरलं असतं."

तिला तीन भावंडं. थोरला शिफेराव, ज्याला सगळे 'गाशे' म्हणजे दादासाहेब म्हणायचे आणि जो त्या मानाखेरीज आयुष्यात काहीही कमावून बसला नव्हता. मधली एक बहीण, देसे गावी दिलेली. आणि धाकटा झेरिहुन. हा शिकलेला. जमीन नोंदणीच्या कचेरीत टेबल, खुर्ची आणि शिक्का असलेला. त्याची बायको फ्रेहिवोत बँकेत होती आणि तिच्या नाकाचा शेंडा जन्मतःच वर होता. अस्कले भावाच्या घरी गेली की फ्रेहिवोत उठून खिडक्या उघडायची. जुलैचा गारठा, बाहेर पावसाची झड, आणि ही म्हणायची, "किती कोंदट झालंय ना, इतेते?"

इतेते म्हणजे मोठी बहीण. तोंडाने इतेते आणि हाताने खिडकी.

"कोंदट नाही गं बाई," अस्कले म्हणायची, "वास येतोय मला. सकाळपासून लोण्यात बसलेय, अत्तराचा कुठून येणार? उघड, उघड. ती मोरीचीही उघड."

झेरिहुन अशा वेळी वर्तमानपत्रात डोकं घालायचा. बहिणीच्या त्याच वासावर आपण शिकलो हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, म्हणून तर वर्तमानपत्र.

रक्तदाब त्याला कधीपासून होता कोण जाणे. शिक्केवाल्या माणसाला रक्तदाब शोभतो अशी त्याची समजूत असावी. औषध त्याने घेतलं नाही. मग पाय सुजले, तोंडाला लघवीसारखी चव यायला लागली, आणि एके दिवशी कचेरीतच तो खुर्चीवरून घसरला. दोन्ही मूत्रपिंडं आटली होती. यंत्रावर रक्त धुऊन घ्यायला आठवड्यातून दोनदा जावं लागे आणि तिथून तो पिळलेल्या कापडासारखा परत येई. डॉक्टरांनी सांगितलं, नात्यातल्या कुणी एक मूत्रपिंड दिलं तर हे थांबेल.

त्या रविवारी सगळे झेरिहुनच्या घरी जमले. कॉफी भाजली गेली, दाणे फिरवून सगळ्यांना हुंगवले गेले, पहिली वाटी झाली, दुसरी झाली, तरी मूत्रपिंडाचं नाव कुणी काढेना. शेवटी शिफेराव खाकरला.

"मी तर देऊनच टाकलं असतं," तो म्हणाला. "पण माझं जुळणार नाही. मला आतून कळतं."

"तपासून पाहिलंत का, गाशे?" अस्कलेने विचारलं.

"तपासायचं काय? आतून कळतं म्हटलं ना."

"बरोबर. तुम्हाला आतून नेहमीच लवकर कळतं. बापाच्या आजारपणातही कळलं होतं, तेव्हा तुम्ही नेमके जिम्मा गावाला होतात."

देसेच्या बहिणीने पवित्र पाण्याच्या बाटल्या पाठवल्या होत्या, त्या कोपऱ्यात ओळीने उभ्या होत्या. फ्रेहिवोत म्हणाली, मुलं लहान आहेत, एक पालक तरी धड राहायला हवा. त्यात खोटं काही नव्हतं, पण ते बोलताना तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. एक चुलतभाऊ फोन आल्यासारखं करून अंगणात गेला आणि अंगणातूनच घरी गेला.

अस्कलेने वाटी खाली ठेवली. "माझं तपासा," ती म्हणाली.

झेरिहुनच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली आणि तिच्या मागोमाग आणखी काहीतरी, जे त्याला लपवता आलं नाही.

"तोंड का वाकडं करतोस?" अस्कले म्हणाली. "पोटात लोण्याचा वास येईल म्हणून? येऊ दे. खिडक्या उघडायला बायको आहे."

तिचं जुळलं. असं जुळलं की डॉक्टरीणबाईही खूश झाल्या. या डॉक्टर नेत्सानेत. वयाने तरुण, हळू बोलणाऱ्या, आणि रुग्णाने खोटं सांगितलं की नुसत्या पाहत राहणाऱ्या. शस्त्रक्रियेनंतर अस्कले शुद्धीवर आली तेव्हा कुशीत आग पेटली होती. परिचारिका ओठाला ओला कापूस लावायला आली, तर हिने विचारलं, "चाललं का?"

"टेबलावरच लघवी सुरू झाली, आई. पिशवी भरली."

अस्कलेने डोळे मिटले. आपली गाय पहिल्या वेताला तांब्या भरून दूध देते तेव्हा होतो तसा आनंद तिला झाला, पण तो तिने कुणाला दाखवला नाही. शेजारच्या खोलीतून भाऊ कण्हत असल्याचं ऐकू आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्याला सांगा, माल चांगला आहे, नीट वापर."

तेव्हापासून ते मूत्रपिंड तिच्या बोलण्यात 'माझं' झालं. झेरिहुनला तपासणीला बोलावलं की ही दुकान शेजारणीवर सोपवून हजर. बाकावर त्याच्या शेजारी बसायची, आत गेलं की डॉक्टर नेत्सानेत काही बोलायच्या आत विचारायची, "माझं कसं आहे?" आणि झेरिहुनने आपली झोप, आपली भूक, आपलं काही सांगायला सुरुवात केली की त्याला हाताने गप्प करायची. "तू कसाही अस. आधी माझं ऐकू दे."

त्याला ते लागायचं, पण बोलणार काय? ज्याच्या पोटात दुसऱ्याची वस्तू आहे त्याने किती बोलावं यालाही मर्यादा असते.

आता झेरिहुनचं काय झालं ते ऐका. नव्या मूत्रपिंडाला शरीराने झिडकारू नये म्हणून ज्या गोळ्या देतात, त्यांनी त्याचा चेहरा पुरणाच्या पोळीसारखा फुगला. गाल लाल झाले. आणि भूक लागली, अशी की जणू यंत्रावर काढलेल्या सगळ्या दिवसांची वसुली करायची होती. फ्रेहिवोत त्याला घेऊन मिरवायला लागली. "बघा, कसे सुधारलेत." लोक म्हणायचे, देवाची कृपा. गालावर मांस चढलं की आपल्याकडे देवाची कृपा होते, मग ते मांस कुठून आलं हे कुणी विचारत नाही. ज्याच्या त्याच्या घरी बोलावणं. ताटाभोवती बसलेला प्रत्येक जण इंजेऱ्याचा, म्हणजे आंबट पोळीचा, लिंबाएवढा घास, मसाल्याच्या तुपाने थबथबलेला, आपल्या हाताने त्याच्या तोंडात कोंबायचा. नाही म्हटलं तर अपमान. झेरिहुनने कुणाचाही अपमान केला नाही. ज्यांनी मूत्रपिंड द्यायच्या वेळी अंगणातून पळ काढला होता त्यांचे घास सगळ्यांत मोठे होते.

उपासाचं तर बोलूच नये. बुधवार आणि शुक्रवार, मोठा उपास, मारियमचा उपास, ज्या दिवसांत मांस, लोणी, दूध, अंडं आपण शिवत नाही, त्यातून घरच्या धर्मगुरूंनी त्याला शस्त्रक्रियेपुरती सूट दिली होती. जखम भरेपर्यंत. झेरिहुनने ती सूट एखाद्या भूखंडासारखी कायमची आपल्या नावावर करून घेतली.

वर्ष भरायच्या सुमारास डॉक्टर नेत्सानेतनी रक्ताचा कागद पुढ्यात घेतला आणि दोनदा वाचला.

"माझं कसं आहे?" अस्कलेने विचारलं.

"तुमचं उत्तम आहे. पण यांच्या रक्तात चरबी फार आहे. नळीतलं रक्त नुसतं ठेवलं तर वर दुधावर येते तशी साय धरतंय."

झेरिहुनने बहिणीकडे पाहिलं. संध्याकाळी घरी जाऊन तो बोलला असणार, कारण चार दिवसांत सगळ्या नात्यात एकच वाक्य फिरायला लागलं. मूळ फ्रेहिवोतचं. "लोणीवालीचं मूत्रपिंड. मग रक्तात लोणी नाही तर काय मध येणार?"

शिफेरावने ते कॉफीच्या बैठकीत अस्कलेच्या तोंडावर म्हणून दाखवलं, आणि वर शहाण्यासारखी मान हलवली. "मी तेव्हाच नको म्हणत होतो. मला आतून कळलं होतं."

अस्कले दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघा नवराबायकोला पुढे घालून इस्पितळात गेली आणि डॉक्टरांच्या समोर बाही वर केली. "काढा माझंही रक्त."

"गरज नाही, इतेते," डॉक्टर म्हणाल्या. त्याही आता तिला तसंच म्हणायला लागल्या होत्या.

"तुम्हाला नाही. मला आहे."

रक्त तपासलं. स्वच्छ. तिच्या वयाच्या बाईचं इतकं स्वच्छ रक्त क्वचित मिळावं असं. त्यात नवल काही नव्हतं. आयुष्यभर लोण्यात कोपरापर्यंत बुडालेल्या त्या बाईला लोण्याची चव नकोशी झाली होती. ती पिठलं, हिरवा पाला आणि मसूर खायची, सगळे उपास पाळायची, आणि रोज बाजारापर्यंतचा चढ चालत चढायची.

डॉक्टर नेत्सानेतनी मग तिघांनाही समजेल असं सांगितलं. मूत्रपिंडाबरोबर चरबी येत नाही. ज्या गोळ्या मूत्रपिंड राखतात त्याच गोळ्या चरबी वाढवतात, साखर आणि भूक वाढवतात; आणि त्या भुकेपोटी जे खाल्लं जातं ते उरलेलं काम करतं. त्या गोळ्या बंद करता येत नाहीत, केल्या तर मूत्रपिंड जाईल. एक गोळी आपण बदलून पाहू. चरबीसाठी वेगळी गोळी रोज घ्यायची, कायमची. तूप-मांस आवरायचं, चालायचं. "चरबी दुखत नाही," त्या झेरिहुनकडे बघत म्हणाल्या. "गुपचूप रक्तवाहिन्यांत साठते. मूत्रपिंड बसवलेल्या माणसाच्या हृदयाला हाच मोठा धोका. मूत्रपिंडाइतकंच हृदयाला जपा."

झेरिहुनने मान डोलावली. फ्रेहिवोत पिशवीची चेन उघडत-मिटत राहिली. अस्कलेने त्या सगळ्यातून आपल्या कामाचं तेवढं ऐकलं: मूत्रपिंड निर्दोष. त्या रविवारी तिने तो निकाल शिफेरावला भरल्या बैठकीत ऐकवला. "माझ्या रक्तात साय नाही, गाशे. तुमच्या डोक्यात मात्र असावी, म्हणून आतलं वर येत नाही." तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही, आणि तिला तो आठवडा फार चांगला गेला.

पुढची काही वर्षं अशीच गेली. रोज सकाळी दुकान मांडायच्या आधी अस्कले भावाला फोन करायची. "माझ्या गोळ्या घेतल्यास?"

"घेतल्या, इतेते."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मूत्रपिंडाच्या गोळ्या तो खरंच घ्यायचा, घड्याळ लावून, कारण त्या चुकल्या तर पुन्हा यंत्र, आणि यंत्राला तो देवापेक्षा जास्त भ्यायचा. शिवाय बहीण होतीच. चरबीच्या गोळीची गोष्ट वेगळी. ती घेतली तर काही बरं वाटत नव्हतं आणि सोडली तर काही वाईट वाटत नव्हतं. त्यातून पोटऱ्या दुखायला लागल्या. कचेरीतल्या कुणा उंटावरच्या शहाण्याने सांगितलं की ती गोळी स्नायू खाते. झेरिहुनने ती सोडली. डॉक्टरांनी विचारलं की म्हणायचा, "रोज घेतो," आणि त्या नुसत्या पाहत राहायच्या, आणि मग मात्रा वाढवून लिहून द्यायच्या, आणि तीही तो घरी नेऊन ठेवायचा.

कुठे ठेवायचा ते अस्कलेला एका पावसाळ्यात दिसलं. फ्रेहिवोत बँकेत होती, अस्कले मसूर निवडून द्यायला आली होती, आणि फ्रिजवरची परात काढताना मागे गोळ्यांची पाकिटं सापडली. न फोडलेली. त्यांवर धूळ होती.

"हे काय?"

झेरिहुन जेवत होता. कितफो होता, तुपात परतलेला खिमा. कचेरीशेजारच्या खानावळीतून आणलेला. त्याने वर पाहिलं आणि शाळेतल्या मुलासारखा ओशाळला. "ती चरबीची. पाय दुखतात तिच्यामुळे. ती मूत्रपिंडाची नाहीये, इतेते."

"नक्की नाही?"

"नाही. मूत्रपिंडाच्या सगळ्या घेतो. तिचा त्याच्याशी काही संबंध नाही."

अस्कलेने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. तिला वाचता येत होतं, पण त्यावरची अक्षरं परकी होती.

"मग मला काय करायचंय?" ती म्हणाली आणि पाकीट परातीमागे परत ठेवलं. "हृदय तुझं तू आणलंयस. खा, नाहीतर गटारात टाक. माझं राख म्हणजे झालं."

आणि ती मसूर निवडायला बसली. तो घास घेता घेता हसला, तीही हसली. त्या घरात त्या दोघांना एकत्र हसताना क्वचितच कुणी पाहिलं असेल.

ज्या वर्षी हे घडलं त्याच्या पुढच्या वर्षीची फासिका, म्हणजे ईस्टर. पंचावन्न दिवस लोक पाल्यावर आणि डाळीवर काढतात आणि मग त्या पहाटे कोंबडी, मेंढी, लोणी, सगळं एकदम ताटात येतं. झेरिहुनने उपासाचा एकही दिवस केला नव्हता. पारणं मात्र त्याने सगळ्यांपेक्षा मोठं केलं. शिफेराव त्याला घास भरवत होता, फ्रेहिवोत वाढत होती, आणि अस्कले भिंतीशी बसून म्हणाली, "ज्याने पेरलंच नाही त्याची मळणी बघा." सगळे हसले. झेरिहुनही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या छातीत आणि जबड्यात दुखायला लागलं. तो म्हणाला, गॅस. फ्रेहिवोतने जवसाचं पाणी दिलं. शिफेरावला आतून कळलं की मेंढी नीट शिजली नव्हती. संध्याकाळपर्यंत घाम सुटला आणि ओठ निळे झाले, तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीत घातलं. अस्कलेला फोन गेला, पण ती इस्पितळाच्या दारात पोचली तोवर फ्रेहिवोत ओसरीत जमिनीवर बसली होती आणि तिच्या डोक्यावरची शुभ्र नेतेला ओढणी सुटून खांद्यावर आली होती.

डॉक्टर नेत्सानेत बाहेर आल्या. त्यांनी अस्कलेचा हात धरला. हृदयाची मोठी रक्तवाहिनी बंद पडली होती, उशीर झाला होता, असं काहीतरी त्या सांगत होत्या. अस्कलेने ऐकून घेतलं. मग इतक्या वर्षांची जिभेला पडलेली सवय, दुसरं काय, तिने विचारलं, "माझं कसं आहे?"

डॉक्टरांनी तिचा हात सोडला नाही. "तुमचं चांगलं होतं, इतेते. आज काढलेल्या रक्तातही. शेवटपर्यंत चाललं."

अस्कले ओसरीत जाऊन फ्रेहिवोतशेजारी जमिनीवर बसली.

इद्दिरवाल्यांनी, म्हणजे गल्लीच्या मयतमंडळाने, मांडव घातला, बाकं आली, घुगऱ्या उकडल्या. लोक येऊन बसायचे, रडायचे, मग कुजबुजायचे. दुसऱ्या दिवशी शिफेरावने शेजारच्या म्हाताऱ्याला समजावून सांगितलं, "उसनं मूत्रपिंड. किती दिवस टिकणार? गेलं एकदाचं."

अस्कले बायकांच्या बाकावरून उठली आणि पुरुषांच्या बाजूला जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"मूत्रपिंड धडधाकट होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "आताही असेल, मातीत. गेलं ते हृदय. ते आईबापाने दिलेलं. तुमच्याही छातीत त्याच घाण्यातलं आहे, गाशे, तेव्हा घुगऱ्यांवर तूप मागू नका."

म्हाताऱ्याने मान फिरवली. शिफेरावची वाटी हातातच राहिली.

ती परत येऊन बसली तेव्हा फ्रेहिवोत शेजारी होती, काळ्या कपड्यांत, चेहरा धुतल्या पाटीसारखा कोरा. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "फ्रिजवरच्या त्या गोळ्या. तुम्ही पाहिल्या होत्यात ना?"

"पाहिल्या होत्या."

"मी पण. मी म्हणायचे घ्या, तर ते म्हणायचे, इतेतेने सांगितलंय, त्या मूत्रपिंडाच्या नाहीत." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "माझं ते कधीच ऐकत नव्हते. तुमचं ऐकायचे."

अस्कले घुगऱ्यांच्या ताटाकडे पाहत राहिली. "कसला ऐकायचा," ती म्हणाली, "खादाड होता." एवढं म्हणून तिने नेतेल्याचा पदर तोंडावर ओढला आणि मांडव उठेपर्यंत काढला नाही.

लोणीबाजारात ती आठवड्याने परतली. जीभ तीच राहिली. सांत्वन करायला येणाऱ्यांना ती म्हणायची, "खाऊन मेला. उपाशी तर नाही ना मेला? जा, गिऱ्हाइकं बघ." भावाविषयी चांगलं बोलताना तिला कुणी ऐकलं नाही. फक्त सकाळी दुकान मांडायच्या आधी फोन हातात घ्यायची आणि परत कमरेला खोचायची, हे शेजारणीने बरेच दिवस पाहिलं.

एकाच मूत्रपिंडावर राहणाऱ्या बाईची वर्षातून एकदा तपासणी होते. त्यासाठी ती गेली तेव्हा बाकावर एक तरुण बसला होता, गाल फुगलेले, लाल. शेजारी त्याची आई, हातात डबा, आणि पलीकडच्या बाईला सांगत होती की शस्त्रक्रिया झाल्यापासून पोरगा कसा सुधारलाय, कसं अंगी लागतंय.

अस्कलेने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, वनस्पती तूप कालवलेल्या लोण्याच्या गोळ्याकडे पाहावं तसं.

"चरबीची गोळी घेतोस?"

पोरगा दचकला. "कुठली?"

"कुठली म्हणे. म्हणजे घेत नाहीस. पाय दुखतात म्हणून, की मित्राने सांगितलं म्हणून?"

"अहो बाई," आई म्हणाली, "तुम्ही कोण विचारणाऱ्या? याचं मूत्रपिंड एकदम छान चाललंय."

"मूत्रपिंडाचं कुणी विचारलंय?" अस्कले म्हणाली.

आईने डबा उचलला आणि मुलाला घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. अस्कले आपली पिशवी घेऊन उठली, त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.